मगरिबी मुकहला व तिचा कालनिर्णय

उत्तर आफ्रिकेच्या मगरिब भागांत, विशेषतः मोरोक्को व अल्जीरिया या देशांत, लांब नळीच्या ठासणीच्या बंदुकीस ‘मुकहला’ म्हणतात. अरबींत ‘कुह्ल’ म्हणजे सुरमा, आणि मुकहला या शब्दाचा मूळ अर्थ सुरमेदाणी. काळी दारू जींत भरावयाची त्या अरुंद नळीस हें नांव अन्वर्थक आहे. दारू ठासण्याचा गज ही जणूं तिची अंजनशलाकाच होय.

अशी बंदूक हातीं आली म्हणजे संग्राहक प्रथम तिचा चाप पाहतो, आणि पुष्कळदां तेथेंच फसतो. मोरोक्कोच्या बंदुकीचा चाप बहुधा ‘स्नॅपहॉन्स’ जातीचा असतो. त्यांत गारगोटी ज्यावर आपटते तो पोलादी तुकडा व रंजकावरील झांकण हीं दोन अंगें निरनिराळीं असतात. पुढील फ्रेंच धर्तीच्या चापांत तीं एकजीव झालीं. ही जुनी रचना इंग्लंड व हॉलंड येथें १६ व्या शतकाच्या उत्तरार्धांत व १७ व्या शतकांत प्रचारांत होती. त्या देशांत ती मागें पडली, तरी मोरोक्कोचे कारागीर १९ व्या शतकांतही तसेच चाप घडवीत होते. यास्तव केवळ चापावरून बंदूक १७ व्या शतकांतील ठरविणें म्हणजे पोथींत आर्ष प्रयोग आढळला म्हणून ती प्रतच प्राचीन मानण्यासारखें आहे. अल्जीरियांतील बंदुकांस बहुधा स्पेनच्या धर्तीचा ‘मिकेलेट’ चाप असतो. सारांश, चाप देश सांगतो, काळ सांगत नाहीं.

नळीवर सन कोरलेला असल्यास तो मोलाचा खरा, परंतु तो नळीचाच. लोखंड टिकतें, लाकूड फुटतें. जुन्या नळीस मागाहून नवा कुंदा बसविलेला असूं शकतो.

जडावकामाचीही तीच गोष्ट. मोरोक्कोंत कुंद्यावर हाड, हस्तिदंत व रुप्याचे पत्रे दिसतात. अल्जीयर्सच्या उंची बंदुकांवर पोवळीं बसविलेलीं असतात. पोवळें तेथील किनाऱ्यावर, ला काल बंदराजवळ, समुद्रांतून काढीत. भूमध्यसमुद्रांतील असेंच पोवळें १८ व्या शतकांत लिव्होर्नोचे व्यापारी गोव्यास पाठवून त्याच्या मोबदल्यांत हिरे नेत असत. अल्जीयर्सच्या देयीनें इंग्लंडच्या प्रिन्स रीजंटास, म्हणजे पुढील चौथ्या जॉर्जास, पोवळेजडित बंदुका नजर केल्या. तो इ. स. १८११ ते १८२० पर्यंत रीजंट होता. म्हणून त्या बंदुका १८२० च्या अलीकडील नव्हेत हें निश्चित. अशी नोंद हीच उत्तरमर्यादेचा खरा आधार होय.

मोरोक्कोंत घोडेस्वारांचा ‘तबूरिदा’ हा खेळ अद्याप चालतो, व इ. स. २०२१ मध्यें युनेस्कोनें त्यास आपल्या सूचींत स्थान दिलें. त्यांत बार काढण्यास लांब बंदुकाच लागतात. तेव्हां केवळ घाट जुना असणें हा वयाचा पुरावा नव्हे.

यावरून सिद्धान्त असा : चाप, नळी व कुंदा यांचा काळ पृथक् ठरवावा, आणि त्यांपैकीं जें अंग सर्वांत अर्वाचीन तीच त्या बंदुकीच्या सध्यांच्या रूपाची पूर्वमर्यादा समजावी.