पाच भाकरींचा हिशेब

धर्मग्रामातील युवकांच्या बैठकीला बसले की एक प्रश्न हमखास कानी पडतो : ‘परदेशातून काही मदत मिळेल का?’ कुठे अभ्यासिका काढायची असते, कुठे शिवणवर्ग किंवा संगणकवर्ग सुरू करायचा असतो, कुठे दोघातिघांना जागतिक युवा दिनाच्या यात्रेला पाठवायचे असते. प्रश्न विचारणाऱ्या तरुणांना आम्ही दोष देत नाही. दिवाळी सरताच ज्या जिल्ह्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि मुलांच्या शाळेचे वर्ष अर्ध्यावर तुटते, त्या जिल्ह्यातील तरुणाने मदतीची वाट पाहावी यात नवल नाही. परंतु या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी जालन्याच्या इतिहासाकडे एकदा वळून पाहावे असे आम्हांस वाटते. कारण दूरदेशीचा पैसा आणि येथील तरुण पिढी यांची गाठ या मातीत पूर्वीच पडलेली आहे.

जालना जिल्हा तसा वयाने लहान; १ मे १९८१ रोजी तो औरंगाबादपासून वेगळा झाला. पण जालना गाव जुने. निजामाच्या राज्यात १८२७ साली येथे लष्करी छावणी वसली आणि छावणीमागोमाग मिशनरीही आले. त्यांत प्रथम आठवतात ते आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांपैकी रेव्हरंड नारायण शेषाद्री. हे महाराष्ट्रीय ब्राह्मण गृहस्थ. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे धर्मोपदेशक म्हणून ते जालन्यात आले. गावकुसाबाहेरच्या ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, त्यांना स्वतःची जमीन नाही, मुलांना शाळा नाही, हातांना हुन्नर नाही, हे त्यांनी पाहिले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळविली आणि बेथेल नावाची वसाहत उभारली. बेथेल म्हणजे देवाचे घर. तेथे उपासनामंदिराबरोबर शाळाही आली.

या कामासाठी शेषाद्री स्वतः समुद्रापार गेले. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले. स्कॉटलंडमध्येही त्यांनी सभा घेतल्या. डोक्याला पागोटे बांधलेला हा मराठी माणूस परक्या देशात उभा राहून आपल्या गावच्या मुलांविषयी बोलत होता. १८९१ साली अशाच प्रवासावरून परतताना समुद्रावर त्यांचा अंत झाला. या चरित्रात आम्हांस दोन गोष्टी दिसतात. पहिली ही की, बेथेलच्या पायाखालची जमीन येथल्याच राज्याने दिलेली होती. परदेशी पैसा तिच्यावर उभा राहिला. दुसरी गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. ज्या कामाचा निधी एका माणसाच्या वाणीवर आणि त्याच्या प्रवासावर अवलंबून असतो, ते काम त्या माणसाच्या आयुष्याइतकेच नाजूक असते.

आता कॅथलिक बाजू पाहू. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावतीपासून वेगळा झाला. अमरावती १९५५ साली नागपूरपासून. आणि नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. या साऱ्या वंशावळीच्या मुळाशी आहेत फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातून आलेले फ्रान्सलियन धर्मगुरू. १८४५ साली ते भारतात उतरले, तेव्हा अशा दूरच्या मिशनांच्या पाठीशी जो पैसा होता, तो प्रामुख्याने राजांचा किंवा सावकारांचा नव्हता. तो जमविला होता लीओं शहरातील रेशीम कामगारांनी, आणि त्याची रीत शोधून काढली होती एका तरुणीने.

तिचे नाव पॉलीन जारिको. जन्म १७९९. विशीच्या उंबरठ्यावर असताना तिने कारखान्यांतील मुलींना सांगितले की, प्रत्येकीने रोज मिशनांसाठी प्रार्थना करावी आणि आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, बाजूला ठेवावे. दहा जणींचा एक गट, त्या गटाची एक प्रमुख. दहा गटांवर एक, शंभरावर आणखी एक. प्रत्येक नाणे कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले, हे त्या साखळीत सहज कळे. यातूनच ३ मे १८२२ रोजी श्रद्धाप्रसार संस्था जन्मास आली. पुढे १८४३ साली नान्सीचे बिशप फोर्बिन-जान्सन यांनी पॉलीनशी विचारविनिमय करून पवित्र बाल्य संस्था स्थापिली. मुलांनी रोज एक ‘नमो मारिया’ म्हणावी आणि महिन्याला एक सू द्यावा, एवढाच तिचा नियम होता. मुलांनी मुलांना मदत करावी, हा विचार तेथे प्रथमच संस्थेच्या रूपात आला. तीनच वर्षांनी, १८४६ साली, जर्मनीतील आखेन शहरी ऑगुस्टे फॉन सार्टोरियुस या किशोरवयीन मुलीने त्याची शाखा काढली. आज तीच संस्था तीन राजांच्या सणाच्या सुमारास जर्मन मुलांना ताऱ्याची काठी घेऊन घरोघर पाठविते. मुले गाणी गातात, दारावर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहितात आणि दूरच्या मुलांसाठी पैसे गोळा करतात. १९५९ सालापासून या मुलांनी एक अब्ज युरोंहून अधिक रक्कम जमविली आहे.

वाचकहो, यातील मर्म लक्षात घ्यावे. आंतरराष्ट्रीय युवाकार्याचा आरंभ विशीतल्या, किशोरवयातल्या मुलींनी केला, आणि तो कोणाकडे हात पसरून न करता स्वतःच्या खिशात हात घालून केला.

पॉलीनच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. कामगारांना न्याय्य वेतन मिळेल असा आदर्श कारखाना काढण्याचे तिच्या मनात होते. १८४५ साली तिने रुस्त्रेल येथील लोखंडाच्या कारखान्यात आपला आणि इतरांचा पैसा गुंतविला. ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांनीच तो पैसा गिळला. सू-सूचा हिशेब ठेवणारी साखळी उभारणारी ही स्त्री स्वतःच्या कारखान्याचा हिशेब मात्र दुसऱ्यांवर सोपवून बसली. उरलेले आयुष्य तिने कर्ज फेडण्यात घालविले आणि ९ जानेवारी १८६२ रोजी ती अत्यंत दारिद्र्यात वारली. ख्रिस्तसभेने तिला २२ मे २०२२ रोजी धन्य घोषित केले. हेतूची शुद्धता हिशेबाची जागा घेऊ शकत नाही, हे या धन्य स्त्रीइतके क्वचितच कोणी भोगून शिकले असेल.

आता पुन्हा जालन्याकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. त्या काळात परदेशी धान्य आणि पैसा दोन्ही आले. जर्मन बिशपांनी कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांच्या पुढाकाराने १९५८ साली ‘मिझेरियोर’ हा निधी सुरू केला होता. प्रायश्चित्तकाळात जर्मन कुटुंबे जे वाचवीत, ते त्यात पडे. मिझेरियोर या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मला कळवळा येतो’. भुकेल्या समुदायाकडे पाहून प्रभूने काढलेल्या उद्गारांतून तो घेतलेला आहे. पण दुष्काळ ओसरला की धान्य संपते, आणि पुढच्या दुष्काळाला गाव तितकेच असहाय असते. हा अनुभव जिव्हारी लागलेल्यांपैकी एक होते स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर. अहमदनगरच्या सोशल सेंटरमधून त्यांनी आयुष्यभर दुष्काळी गावांत काम केले. धान्य वाटण्यापेक्षा पावसाचे पाणी गावात अडविले पाहिजे, या निष्कर्षाला ते आले. त्यांच्या प्रयत्नांतून १९९० च्या दशकाच्या आरंभी इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तो येई नाबार्डमार्फत. आणि गावांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ साली ‘वॉटर’ ही संस्था स्थापन झाली.

या कार्यक्रमाची व्यवस्था आपल्या प्रत्येक युवामंडळाने अभ्यासावी अशी आहे. पैसा मागताच मिळत नसे. आधी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची. मग ग्रामसभेने पाणलोट समिती नेमायची. पहिल्या टप्प्यात थोड्याच क्षेत्रावर काम करून पाहायचे. ते उतरले तरच मोठा निधी. कामाच्या मजुरीतील सुमारे सहावा हिस्सा गावाने श्रमदानाने भरायचा. भूमिहीनांना आणि एकट्या स्त्रियांना त्यातून सूट. गावातीलच तरुणांना समतल रेषा आखणे, चर मोजणे, मजुरीची नोंद ठेवणे शिकविले जाई. काम संपल्यावर देखभालीसाठी निधी गावाकडेच राही. म्हणजे परदेशी पैशाने गावात केवळ बांध घातले नाहीत. हिशेब ठेवणारी एक पिढीही घडविली.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव याच कार्यक्रमात होते. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने १९९६ ते २००२ या काळात तेथे काम केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, नालाबांध झाले. पाणी मुरले, मग द्राक्षबागा आल्या, शेततळी आली. २०१२ साली जालना जिल्हा भीषण दुष्काळात होरपळला, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा तग धरून राहिल्या आणि दूरदूरचे शेतकरी ते गाव पाहावयास आले. परदेशी मदत थांबून तेव्हा दहा वर्षे झाली होती. मदतीची खरी परीक्षा ती थांबल्यानंतरच होते. फादर बाखर २०२१ साली निवर्तले. त्यांचे स्मारक पाहायचे असेल तर अशा गावांच्या शिवारात पाहावे.

आता आजच्या व्यवहाराविषयी चार शब्द. परदेशी देणगीसंबंधीचा कायदा प्रथम १९७६ साली झाला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये तो अधिक कडक झाला. नोंदणी पाच वर्षांपुरती असते व तिचे नूतनीकरण करावे लागते. परदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच स्वीकारावी लागते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली आहे. मुख्य म्हणजे, एका संस्थेने आलेला निधी दुसऱ्या संस्थेस देणे आता वर्ज्य आहे. तेव्हा नोंदणी नसलेल्या युवामंडळाने परदेशी मित्राकडून कार्यासाठी पैसे कोणा एकाच्या खात्यावर मागविणे हा भोळेपणा नसून कायद्याचा भंग आहे. याउलट, आखातात नोकरी करणाऱ्या, भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या आपल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी परदेशी ठरत नाही. मात्र त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते. हे बारकावे रूक्ष वाटतील, पण पॉलीनचे दुःख आठवले की ते रूक्ष राहत नाहीत.

मग आमच्या तरुणांनी परदेशी मदत मागूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. जागतिक युवा दिनातही श्रीमंत देशांतील तरुण थोडी अधिक रक्कम भरतात, ती गरीब देशांतील तरुणांच्या प्रवासाला लागते. ख्रिस्तसभा एक कुटुंब आहे आणि कुटुंबात घेण्याची लाज नसते. पण घेणाऱ्याने आपले ताट रिकामे पुढे करू नये. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांना भोजन मिळाले, त्याची सुरुवात एका मुलाच्या शिदोरीने झाली. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासे. हिशेबाला अगदीच अपुरे. प्रभूला त्या मुलाच्या भाकरींवाचून काही अडले असते असे नाही. तरी त्याने त्या मागून घेतल्या. आणि जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करून बारा टोपल्या मोजल्या गेल्या, हेही शुभवर्तमानकाराने लिहून ठेवले आहे. आरंभी लहान मुलाचा वाटा आणि शेवटी टोपल्यांची मोजणी, या दोहोंच्या मध्ये तो चमत्कार आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत ‘परदेशातून किती मिळेल?’ हा प्रश्न निघण्यापूर्वी दुसरा प्रश्न निघावा : ‘आपल्यापैकी प्रत्येक जण आठवड्याला काय देणार, आणि ते कोणत्या वहीत लिहिणार?’ बेथेल, लीओं आणि कडवंची यांनी आम्हांस शिकविले ते एवढेच. ती वही ज्या दिवशी उघडेल, त्या दिवशी मदत मागण्याचा अधिकार आपल्या तरुणांना मिळेल. आणि कदाचित दुसऱ्या कोणाला मदत देण्याचाही.