शिक्का, मोर्तब आणि किल्ली

‘शिक्कामोर्तब झाले’ असे माळव्यातल्या मराठी घरांत आजही म्हटले जाते. सोयरीक असो की जागेचा व्यवहार, शेवटचा शब्द हाच. आमची मुले शाळेत ‘मुहर’ म्हणतात, घरी ‘शिक्का’ म्हणतात; पण ‘मोर्तब म्हणजे काय रे?’ असे वर्गात विचारले की सगळ्या माना खाली जातात. मलाही हा शब्द नीट उमगला तो एम. ए.च्या पुस्तकांतून नव्हे, तर संगणकापुढे झालेल्या फजितीतून. ती हकिगत सांगण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

अठराव्या शतकात पवारांचा अंमल माळव्यात बसला. धार आनंदराव पवारांच्या घराण्याकडे आली, देवास तुकोजी आणि जिवाजी या बंधूंकडे. हुकूम निघत ते साताऱ्याहून किंवा पुण्याहून, आणि जासुदाच्या हाती नर्मदा ओलांडून इकडे पोचत. पत्र हाती घेणाऱ्याने पेशव्यांना कदाचित जन्मात पाहिलेले नसे. समोर माणूस नाही, नुसता कागद आहे. तो खऱ्या धन्याचा कशावरून?

यावरची तोड म्हणजे शिक्का आणि मोर्तब. पत्राच्या माथ्यावर मोठा शिक्का, त्यावरून हुकूम कोणाचा ते कळे. मजकूर संपताच खाली छोटे मोर्तब, म्हणजे त्यापुढे कोणाला एक ओळही घुसडता येऊ नये. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग मुख्य प्रधानाचे. अधिकार कोठून आला तेही त्यातच. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले, रामराजे गादीवर आले आणि शिक्क्यातले नावही बदलले. ठसा गावोगाव फिरे. शिक्का मात्र धन्याच्या विश्वासातल्या माणसापाशीच राही.

आता फजिती. आम्ही चौघे मित्र काही वर्षांपासून इकडच्या मराठी घरांतली मोडी पत्रे वाचून त्यांची लिप्यंतरे भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या संगणकावर ठेवत होतो. पासवर्ड चौघांत एकच, आणि तो माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला. एके दिवशी पाहतो तर एका घराण्याच्या चाळीस पत्रांची लिप्यंतरे नाहीशी झालेली. मूळ कागदांचा तोवर वाळवीने भुगा केला होता. कोणी आत शिरले, की आमच्यातल्याच कोणाचा हात चुकला, हे कधीच कळले नाही. कारण दारातून जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव तेच होते.

माझा एक माजी विद्यार्थी संगणकाच्या क्षेत्रात आहे. तो म्हणाला, “सर, पासवर्ड सोडा. प्रत्येकाची वेगळी किल्ली करा आणि सार्वजनिक किल्लीची फाइल मला पाठवा.” मी त्याने सांगितल्याप्रमाणे केले आणि दोनांपैकी एक फाइल ई-मेलने धाडली. पाच मिनिटांत त्याचा फोन! “सर, मी ठसा मागितला होता, तुम्ही शिक्काच पाठवलात. ही जोडी आता बाद. नवी करा.”

फोन ठेवला तेव्हा ‘शिक्का’ आणि ‘ठसा’ यांतला भेद मला आयुष्यात प्रथमच कळला, असे म्हणायला हरकत नाही.

ही पद्धत १९९५ ची. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तेथील तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ नावाची सुरक्षित व्यवस्था तयार केली. ‘एसएसएच-कीजेन’ ही आज्ञा दिली की क्षणात किल्ल्यांची जोडी तयार होते. सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर नोंदवून ठेवायची. आपण दार ठोठावले की आपला संगणक त्या भेटीपुरत्या मजकुरावर खाजगी किल्लीने सही करतो, आणि पलीकडचा संगणक सार्वजनिक किल्लीने ती सही पारखतो. खाजगी किल्ली घराबाहेर पडतच नाही. तिच्यावर परवलीचे वाक्य घालून ठेवले, म्हणजे संगणक चोरीला गेला तरी चोराला ती लगेच वापरता येत नाही.

जुन्या शिक्क्याहून ही किल्ली एका बाबतीत सरस आहे. ठसा समोर ठेवून कसबी कारागिराला खोटा शिक्का कोरता येई. चांगल्या सार्वजनिक किल्लीवरून खाजगी किल्ली शोधणे मात्र आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेर आहे.

पण वाचकहो, किल्ली करणे सोपे, सांभाळणे अवघड. येथे आपलाच इतिहास उपयोगी पडतो. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत उदाजी पवार दाभाड्यांच्या बाजूने पेशव्यांविरुद्ध उभे राहिले. पुढे त्यांचे अधिकार बंधू आनंदरावांकडे गेले. माणूस बदलला की जुना अधिकार रद्द करावा लागतो, आणि नवा कोणाचा हे सर्व संबंधितांना कळवावेही लागते. आमच्या यादीत एका सोडून गेलेल्या मित्राची किल्ली तशीच राहिली होती. ती आम्ही काढली.

देवासचा धडा वेगळा. तेथे एका गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. १८१८ च्या तहात दोघांनी एकाच कारभाऱ्यामार्फत कारभार करण्याचे कबूल केले. काही काळ ते चालले, पुढे दोघांचे कारभार वेगळे झाले. चौघांत एक पासवर्ड वापरणाऱ्या आम्हाला हे आधी सुचायला हवे होते.

आणि तोतया पलीकडेही असू शकतो. १७६१ मध्ये पानिपतावर धारचे यशवंतराव पवार पडले. सदाशिवरावभाऊही परतले नाहीत. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया निघाला आणि अनेक शहाण्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. दूरच्या संगणकाशी पहिली गाठ पडते तेव्हा तो आपली ओळखखूण दाखवतो आणि ‘विश्वास ठेवायचा का?’ असे विचारतो. आपण न वाचता ‘हो’ म्हणून मोकळे होतो. ती खूण आधी दुसऱ्या मार्गाने मागवावी, ताडून पाहावी, मगच होकार द्यावा.

१९४८ मध्ये धार व देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि त्यांच्या शिक्क्यांची सत्ता संपली. त्या शिक्क्यांखालचे कागद अजून पुष्कळ घरांत पेटीच्या तळाशी आहेत. ते वाचण्यासाठी मी आता दहावीच्या दोन मुलींना मोडी शिकवतो. गेल्या महिन्यात दोघींच्या वेगवेगळ्या किल्ल्या नोंदवल्या. माझ्या निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. त्या दिवशी माझ्या किल्लीची ओळ यादीतून काढावी, असे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहून ठेवले आहे.