तांबड्या काचेचं घड्याळ

शाहूवाडीच्या आमच्या जुन्या घराच्या परसदारावर अर्धगोल कमान होती आणि कमानीत सात रंगीत तावदानं. दोन हिरवी, दोन निळी, दोन पिवळी आणि मधोमध एक तांबडं. दार मावळतीकडे. दुपार कलली की जमिनीवर रंगांचे तुकडे पडायचे आणि हळूहळू आत सरकायचे. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला चावी द्यायची आठवण कोणाला राहत नसे. अम्मा वेळ ओळखायची ती त्या तांबड्या तुकड्यावरून. तो जात्याच्या पायाशी आला, की असरच्या नमाजाची वेळ झाली. हिवाळ्यात खूण बदलायची. तो हिशेब तिचा तिला ठाऊक. पावसाळ्यात मात्र चार महिने हे घड्याळ बंद. आमच्या तालुक्यातला पाऊस तुम्हाला माहीतच आहे.

सहावीत असताना माझ्या विटीनं नेमकं ते तांबडं तावदान फोडलं. तुकडे गोळा करताना एक नवल दिसलं. काच समोरून लालभडक, पण फुटलेल्या कडेनं पाहिली तर बिनरंगी. लाल रंगाचा नुसता पातळ पापुद्रा वर. मी धावत जाऊन अब्बांना सांगितलं, ‘‘दुकानदारानं फसवलंय, काच आतून पांढरी आहे!’’ त्यानं मार काही चुकला नाही. पुढं अब्बांनी कोल्हापुराहून साधी काच आणून तिथं बसवली. अम्मा काही बोलली नाही. पण त्यानंतर ती दुपारी शेजारी वेळ विचारायला जाऊ लागली.

त्या पापुद्र्याचं उत्तर मला फार वर्षांनी वाचनात मिळालं. दुकानदारानं फसवलं नव्हतं. तांब्यामुळं काचेला येणारा लाल रंग इतका गडद असतो, की नेहमीच्या जाडीचं तावदान सगळंच लाल केलं तर त्यातून ऊन येत नाही, ते काळं दिसतं. म्हणून जुने कारागीर फुंकनळीच्या टोकावर बिनरंगी काचेचा तापलेला गोळा घेत, तो वितळलेल्या लाल काचेत बुडवत आणि मग फुगवत. युरोपातल्या चर्चच्या जुन्या खिडक्यांतही अशी पापुद्र्याची लाल काच आहे. निळ्यासाठी काचेच्या रसात कोबाल्ट घालतात. पिवळ्याची एक रीत वेगळी आहे. चांदीचा क्षार काचेवर लावून ती भट्टीत भाजतात आणि रंग काचेत मुरतो.

रंगीत काचेची खिडकी बांधायच्या दोन रीती. आमच्या घरची सुताराची; लाकडात खाचा पाडून काच बसवलेली. इराणात ‘ओरोसी’ म्हणतात त्या खिडक्या याच जातीच्या. शिराझच्या नासिर-उल-मुल्क मशिदीत सकाळी उन्हाचा गालिचा पसरतो तो असल्याच लाकडी खिडक्यांतून. दुसरी रीत युरोपची. आधी कागदावर खिडकीच्या मापाचं पूर्ण चित्र काढायचं, त्याप्रमाणे काचेचे तुकडे कापायचे, चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या काळपट रंगानं रंगवून भाजायच्या, मग शिशाच्या खाचपट्ट्यांत तुकडे गुंफून सांध्यांना डाख द्यायचा आणि फटी लांबीनं बुजवायच्या. चित्रातली काळी रेघ म्हणजे बहुतेक वेळा हे शिसंच असतं. ते रेखाटनही करतं आणि भारही पेलतं.

ही मशीद १८७६ ते १८८८ या काळात उभी राहिली. नेमक्या त्याच काळात, १८७७ ते १८८४ मध्ये, कोल्हापुरात काळ्या दगडाचा नवा राजवाडा बांधला जात होता. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज इंजिनिअरचा. वाडा पुरा झालेला पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं; तो १८८१ मध्ये गेला. वाडा पुरा झाला त्याच वर्षी कागलच्या घाटगे घराण्यातला नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक येऊन शाहू महाराज झाला. तिथल्या दरबार हॉलच्या खिडक्यांत रंगीत काचेत शिवचरित्रातले प्रसंग आहेत. रीत युरोपची, पण गोष्ट आपली. सहावीच्याच सहलीत मी त्या पाहिल्या. पन्हाळा ते विशाळगड ही वाट आमच्या तालुक्यातून जाते, त्यामुळे शिवाजी महाराज आम्हाला पुस्तकातले कधी वाटलेच नाहीत. पण ते असे उजेडात उभे राहिलेले मी तिथंच पाहिले. बाहेर येऊन तीच खिडकी बघायला गेलो तर नुसती काळपट काच. गुरुजी म्हणाले, ‘‘अरे, ही आतनं बघायची असते.’’

मुंबईच्या राजाबाई टॉवरची कथा तर मला अम्माचीच वाटते. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावानं मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. विलायतेत बसून आराखडे करणाऱ्या गिल्बर्ट स्कॉटची ही वास्तू १८७८ मध्ये पुरी झाली. राजाबाई अंध होत्या आणि जैन असल्यानं सूर्यास्तापूर्वी जेवत. त्यांना वेळ कळावी म्हणून हा घंटेचा मनोरा, असं सांगतात. त्याच वास्तूतल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात रंगीत काचेच्या मोठ्या खिडक्या आहेत. काळाच्या ओघात त्या मळल्या, खिळखिळ्या झाल्या. स्वाती चांदगडकर यांनी त्यांच्या दुरुस्तीचं काम केलं आणि २०१५ मध्ये त्या पुन्हा उजळल्या. म्हणजे ही विद्या मेलेली नाही.

आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा मी कमानीची चौकट ठेवून घेतली. नव्या घराला ती बसवायची म्हणून कोल्हापुरात गेलो. एका दुकानात छापील फिल्म चिकटवलेली काच दाखवली. स्वस्त, चकचकीत, हवं ते चित्र. कड पाहिली, तर या वेळी खरोखरच फसवणूक होती. मग एक हातानं काम करणारा कारागीर भेटला. त्यानं किंमत सांगायच्या आधी विचारलं, ‘‘ऊन कुठल्या बाजूनं येतंय? आन् बघणार कोण, आतला का भाईरचा?’’ काच त्यानं टेबलावर दाखवलीच नाही. एकेक तुकडा आभाळाकडं धरून निवडायला लावला. तुम्हीही कधी असं काम सांगाल तर एवढं करा. कड बघा, काच उजेडात धरा आणि खिडकीची दिशा आधी सांगा. उन्हाचा विचार न करता घेतलेली रंगीत काच म्हणजे नुसता खर्च.

तांबडं तावदान बसलं तेव्हा अम्मा नव्हती. पहिल्या दुपारी मी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून नुसता बसून राहिलो. तांबडा तुकडा सरकत सरकत फरशीच्या तिसऱ्या जोडाशी आला आणि मशिदीतून असरची अजान झाली. मी तिथं पेन्सिलीनं खूण केली. महिन्याभरात ती चुकली. अम्मा खूण कशी बदलायची, ते मी तिला कधी विचारलं नव्हतं.