हरकतींची फाईल आधी उघडा

अंबरनाथ पश्चिमेत बसून वसईच्या किनाऱ्याचा अभ्यास कशाला, असं तुम्ही विचाराल. २०१४ पर्यंत दोन्ही ठाणे जिल्ह्यातच होती आणि आजही दोन्हीकडे १९६६ चाच नगररचना कायदा आहे. त्यानुसार प्रारूप आराखडा आधी जाहीर होतो, रहिवाशांच्या हरकती-सूचना नंतर मागवतात.

१९८० च्या दशकाअखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. टँकर भरायला विहिरी अति उपसल्या की किनाऱ्यालगत गोडं पाणी खारं होतं. बागायतदारांच्या विरोधात हे पिढ्यांचं ज्ञान होतं.

म्हणून मंजूर नकाशावर थांबू नका. शेजारी हरकती ठेवा आणि काय स्वीकारलं, काय वगळलं ते तपासा. तुमचा संशोधन-प्रश्न तिथेच सापडेल.