जोडी : जीवनातील आणि स्पर्धेतील

युगुलनृत्याच्या स्पर्धेत उतरणारी जोडी संसारातीलही जोडी असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. बॉलरूम नृत्याचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९२२ साली लंडनमध्ये या नृत्याची पहिली जागतिक स्पर्धा व्हिक्टर सिल्व्हेस्टर आणि फिलिस क्लार्क यांनी जिंकली. त्याच वर्षी सिल्व्हेस्टर यांचा विवाह झाला; वधू होत्या डोरोथी न्यूटन. म्हणजे स्पर्धेतील जोडी ही वेगळीच संस्था होती. ती घडली कशी?

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये नृत्यगृहांना विलक्षण बहर आला. लंडनचे हॅमरस्मिथ पॅले १९१९ मध्ये उघडले. ब्लॅकपूलचा नृत्यमहोत्सव १९२० मध्ये सुरू झाला. अमेरिकेहून आलेल्या जॅझच्या तालावर ज्याला जसे सुचेल तसा तो नाचत होता. हे स्वैर वर्तन काहींना खटकले. १९२० च्या मे महिन्यात नृत्यविषयक नियतकालिकाचे संपादक फिलिप रिचर्डसन यांनी नृत्यशिक्षकांची परिषद बोलावली आणि पदन्यासांचे प्रमाणीकरण सुरू झाले. १९२४ मध्ये शिक्षकांच्या इम्पीरियल सोसायटीत बॉलरूम शाखा निघाली. तिच्या संस्थापकांत सिल्व्हेस्टरही होते.

या संहितेचा पाया अगदी साधा होता : चालणे. बॅलेप्रमाणे पाऊल बाहेर वळवायचे नाही, ते सरळ ठेवायचे. त्यामुळे बालपणापासून तालीम न घेतलेल्या कारकुनाला किंवा दुकानातील मुलीलाही हे नृत्य शिकता येऊ लागले. मात्र खरी कसोटी पुढेच आहे. मागे जाणाऱ्याला वाट दिसत नाही; पुढे येणाऱ्याचे पाऊल मात्र त्याने मोकळ्या केलेल्या जागेवरच पडते. परीक्षक पाहतात ते या देवाणघेवाणीकडे. ती प्रेमातून आपोआप येत नाही, सरावातून येते. म्हणूनच स्पर्धेतील जोडी विवाहापासून वेगळी होऊ शकली.

नियमांनी उत्स्फूर्तता मारली, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी खोटा नाही. आज स्पर्धेतील वॉल्ट्झची लयसुद्धा मिनिटाला २८ ते ३० आवर्तने अशी बांधलेली असते. परंतु तुलना करायची तर समान माप हवे, आणि मापाशिवाय अनोळखी जोडीला नामवंत जोडीसमोर उभे राहण्याचा अधिकार तरी कोठून मिळणार?

माझ्या मते अन्याय नियमांनी केला नाही, स्मरणाने केला. सिल्व्हेस्टर यांनी १९२७ मध्ये आधुनिक बॉलरूम नृत्यावर पुस्तक लिहिले. १९३५ मध्ये त्यांनी काटेकोर लयीचा स्वतःचा वाद्यवृंद उभारला. पुढे बीबीसीवरून त्यांनी घरोघरच्या श्रोत्यांना पदन्यास शिकवले. १९७८ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांच्या नावाभोवती एक संपूर्ण युग जमा झालेले होते. फिलिस क्लार्क यांचे नाव मात्र त्या एका विजयाच्या नोंदीपुरतेच उरले. ते विजेतेपद एकट्याला मिळूच शकले नसते. ज्या नृत्यात एक पाऊल मागे गेल्यावाचून दुसरे पुढे येत नाही, त्याचा इतिहास आपण केवळ पुढे आलेल्या पावलांचा लिहिला आहे.