माकडताप आणि रक्तातील स्मृती

आमच्या जालना जिल्ह्यात गोचीड म्हटली म्हणजे गाईची कास नाही तर बैलाची मानपोळी डोळ्यांपुढे येते. तिच्या दंशाने माणूस दगावतो, असे सांगितल्यास इकडचा शेतकरी हसेल. सह्याद्रीच्या दाट रानालगत मात्र हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही, व त्याचा इतिहास आपल्या पुण्याशी निगडित आहे.

1957 च्या मार्चात तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर रानाच्या आसपास, माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने अंथरुणास खिळली. पीतज्वर हिंदुस्थानात शिरला की काय, अशी धास्ती पडली. पुण्यास 1952 साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील मंडळी धावून गेली. त्यांस सापडला तो पीतज्वर नव्हे, तर रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराचा भाऊबंद असा नवाच विषाणू होता. त्याचा अभ्यास करताना प्रयोगशाळेतील अनेकांस त्याच तापाने गाठले, हे विसरता येत नाही.

प्रथम त्या रशियन रोगावरील लस टोचून पाहिली. उपयोग झाला नाही. मग कोंबडीच्या गर्भपेशींत हाच विषाणू वाढवून व फॉर्मॅलिनने मारून लस तयार झाली. 2005 ते 2010 या काळातील कर्नाटकाच्या अनुभवाप्रमाणे दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के व पूरक मात्रेने सुमारे 83 टक्के संरक्षण मिळाले. 2022 मध्ये तिचा वापर थांबला. तोवर रोग गोव्यात सत्तरीतील पाली गावी (2015) व आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील केर गावी (2016) येऊन ठेपला होता.

या लसीने शरीरास नेमके काय शिकविले? आमच्या मते हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. लसीची परीक्षा बहुतांशी रक्तातील प्रतिपिंडांवरून होई. परंतु रोगग्रस्त पेशी ओळखून नष्ट करणाऱ्या टी पेशींची स्मृती निराळी असते, आणि मारलेला विषाणू ती फारशी जागवीत नाही.

ती मोजण्याची युक्ती मोठी मनोरंजक आहे. विषाणूची सर्व प्रथिने सुमारे 3400 अमिनो आम्लांच्या एका अखंड साखळीतून निघतात. तिच्या लिखित क्रमावरून 15-15 आम्लांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइडे, रसायनशाळेत बनवितात. प्रत्येक तुकडा मागच्याच्या चार आम्ले पुढे सुरू होतो, म्हणजे ओळखीची खूण कापली जाऊन हरवत नाही. हिशेब केल्यास असे साडेआठशे तुकडे होतात. एवढ्या वेगळाल्या चाचण्यांस पुरेल इतके रक्त कोण देणार? म्हणून ते गटागटाने एकत्र करितात. शिवाय कोणाच्या पेशी कोणता तुकडा ओळखतील हे माणसागणिक बदलते. मिश्रणाने ती अडचणही टळते. रक्तातील पेशी त्यांत रात्रभर ठेविल्या की ज्यांस ओळख पटते त्या इंटरफेरॉन सोडतात, व तबकडीवर एकेका पेशीचा एकेक ठिपका उमटतो. जिवंत विषाणू लागत नाही. पुण्यातील त्या आजारी संशोधकांच्या आठवणीने ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

युरोपात व्हिएन्नाच्या संशोधकांनी अशा तुकड्यांच्या साहाय्याने तिकडच्या गोचीडजन्य मेंदूज्वरातून उठलेले आणि लस घेतलेले, अशा दोहोंच्या पेशी पारखल्या आहेत. इकडे माकडतापाच्या रुग्णांतील टी व बी पेशींचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. नव्या लसीचे प्रयत्न आता चालू आहेत. काजूच्या हंगामात रानात जाणाऱ्या केरच्या स्त्रीपुरुषांस ती टोचली जाईल तेव्हा रक्त एकदा नव्हे, तर आधी, नंतर व पुन्हा वर्षाने तपासावे लागेल, आणि प्रतिपिंडांच्या आकड्याशेजारी या ठिप्यांचाही आकडा मांडावा लागेल.