ताटातून तळव्याकडे

आयुर्वेदिक मसाज केंद्रात आता टेबल, तेलाच्या बाटल्या आणि गरम टॉवेल यांच्या जोडीला काशाची वाटी हमखास असते. कधी तिला लाकडी मूठ असते, कधी खाली मोटर. सोबतच्या पत्रकात ‘पाच हजार वर्षांपूर्वीचं आयुर्वेदिक उपकरण’ असं छापलेलं असतं. पाय चोळण्याची चाल जुनी आहे, धातूही जुना आहे; वाटीला उपकरण म्हणणं मात्र अलीकडचं. ती मुळात ताटातली, वरणाची नाहीतर तुपाची.

आधी पाय. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. रोज अभ्यंग करावा आणि डोकं, कान, पाय यांना तो विशेष करावा, असं तिथे सांगितलं आहे. चरकाने पादाभ्यंगाचे फायदे मोजले आहेत: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा आणि बधिरपणा जातो, दृष्टी निवळते. ‘डोळ्यांची आग होतेय? तळपायाला तूप चोळ’ हा आजीचा सल्ला याच वाटेचा. पण या वचनांत स्नेह (म्हणजे तेल-तूप) आहे, पाय आहेत, वाटी नाही. काशाच्या भांड्याचा उल्लेख सुश्रुतात येतो तो भलत्याच ठिकाणी: विरुद्ध आहाराच्या यादीत. काशाच्या भांड्यात दहा रात्री राहिलेलं तूप खाऊ नये, असं तो बजावतो. तूप आणि कासं एकत्र आली की काहीतरी घडतं, हे त्या काळीही माहीत होतं म्हणायचं.

आता धातू. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ भागांना २२ भाग. कथिलाचं प्रमाण एवढं वाढलं की धातू गार असताना ठिसूळ होतो. हातोडी घातली की तडकतो. म्हणून तो लालबुंद तापवूनच ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा आणि शेवटी तापलेलाच पाण्यात बुडवायचा. पोलाद असं विझवलं की कडक होतं. कासं उलट जरा चिवट होतं. हे कसब दक्षिणेत फार जुनं आहे. आदिचनल्लूर आणि निलगिरीतल्या महाश्मकालीन दफनांत अशी ठोकून पातळ केलेली भांडी सापडली. पुरातत्त्व-धातुशास्त्रज्ञ शारदा श्रीनिवासन यांनी त्यांचा आणि केरळातल्या आजच्या कारागिरांच्या पद्धतीचा सविस्तर अभ्यास केला आहे. आसामातलं सार्थेबाडी आणि ओडिशातलं बालकाटी ही गावं आजही काशासाठीच ओळखली जातात.

आपल्याकडे काशाची ताटवाटी ही घरची श्रीमंती होती. तांब्यापितळेला वरचेवर कल्हई लागते, काशात कल्हईशिवाय जेवता येतं. मग स्टील आलं. घासायला सोपं, पडलं तरी फुटत नाही. घरोघरचं कासं मोडीत गेलं आणि त्या मोडीतून वाचली ती बहुधा पायाला लावायची वाटी. तूप चोळायला ती होतीही सोयीची: बूड गोल, काठ गुळगुळीत, मुठीत नीट बसणारी. बोटं दुखत नाहीत आणि धातू अंगची ऊब पटकन ओढून घेतो म्हणून तळव्याला गारही वाटतं. कोकणात तुपाऐवजी कोकमतेल. भेगांवर त्याच्यासारखं दुसरं नाही.

चार-पाच मिनिटं घासलं की तळवा करडा होतो, मग काळा. ‘बघा, उष्णता निघाली!’ या एका वाक्यावर आज अख्खा धंदा उभा आहे. पोटरीवर घासा, तळहातावर घासा, काळं येतंच. उष्णतेची तक्रार नसलेल्या माणसाच्या पायावरही येतं. घाम आणि तुपातली आम्लं धातूवर चढतात, घर्षणाने त्याचे बारीक कण सुटतात, तो हा रंग. पायांना आराम मिळतो, चांगली झोपही लागते. त्याचं श्रेय चोळण्याला द्यावं, काळ्या रंगाला नको.

धंद्यात आल्यावर वाटीचं रूप बदललं. आधी मूठ जडली, मग बूड काशाचं आणि वरचा भाग तांब्यापितळेचा अशा वाट्या आल्या आणि आता पाय ठेवायची फिरती थाळी असलेलं मशीन. प्रदर्शनात, मॉलमध्ये, मोठ्या रस्त्यांवरच्या दुकानांत रांगेने माणसं पाय टाकून बसलेली दिसतात. मशीनला दमणूक नाही, ही त्याची जमेची बाजू. पण टाचेवर जोर द्यायचा आणि चवड्याखाली हलकं जायचं, हे थाळीला कळत नाही. ते हातालाच कळतं.

केंद्रासाठी वाटी घेणाऱ्यांनी वजनावर आणि रंगावर जाऊ नये. कथील महाग, जस्त स्वस्त, म्हणून पितळ काशाच्या नावाने सर्रास खपतं. वाटी बोटांच्या टोकांवर तोलून काठावर नखाने टिचकी मारा. काशाचा नाद लांबतो (टाळांत कासं वापरतात ते उगीच नव्हे), पितळेचा लवकर विरतो. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक तडा आहे. ती परत करा. बुडावरून बोट फिरवा, कुठे खरखर लागता कामा नये. दर गिऱ्हाइकानंतर वाटी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन लगेच कोरडी करा, आणि मशीनची थाळीही तितक्याच निगुतीने. मधुमेहाने पाय बधिर झालेले, तळव्याला जखम असलेले, पायात रक्ताची गुठळी झालेले लोक आले, तर डॉक्टरांना विचारून या म्हणून सांगा. तेवढं एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.